सहा फूट दोन इंच

श्रीपत : तुजी गाडी डाव्या अंगाला कललीय, किशोर.

किशोर : माहीत आहे रे. पाचर सारतो चाकाखाली. दोन वर्षांनी दारात आलोय, आधी 'ये' तरी म्हण.

श्रीपत : ये. कललेल्या गाडीत चहा ठेवलास तर एका बाजूनं उतू जाईल. ओट्यावर पाण्याची वाटी ठेव, म्हंजे कळंल किती कललीय ते.

किशोर : वाटीच ठेवतो रोज. तूच शिकवलंयस.

पारूबाई : जय भीम, भावजी. ह्यांचं नका मनावर घेऊ. सकाळी तुमचा फोन आल्यापासून तीन येळा अंगण झाडलंय, आन वर मला म्हणत्यात, तो काय मोठा पावणा लागून गेलाय का!

श्रीपत : पाला पडला होता, म्हणून झाडलं. आन चिंचेखाली कशाला लावलीस? वर सोलर हाय ना? सावलीत काय चार्ज होणार, कप्पाळ?

किशोर : म्हटलं, आज तुझ्या घरातून वायर ओढू. नळीपण दे. शंभर लिटरची टाकी आहे, तळाला गेलीय. दोघांनी जपून वापरलं तर तीन दिवस पुरते, आंघोळ-भांडी धरून.

श्रीपत : दोघं कोण?

किशोर : मी आणि रमजान.

श्रीपत : कुठला रमजान? आपल्या कंपनीतला? इलेक्ट्रिकलचा?

किशोर : तोच. गोकर्णला तो होता, कन्याकुमारीला तो होता. फोटो पाहिलेस ना?

श्रीपत : मी नाय बघत फोटो.

पारूबाई : अगं बाई! मग पहाटं पाचला उठून कोण बघतं? चष्मा लावून, बोटांनी मोठं करून करून. "हे बघ पारू, चड्ड्या आरशाला सुकत घातल्यात. हे बघ, शेगडीमागं पत्रा नाय मारला, पडदा पेटंल एक दिवस." चहा गार होऊन साय धरते, तरी ह्यांचं बघणं संपत नाय.

श्रीपत : तू गप गं. रमजान घोरतो, किशोर. नाइट शिफ्टला खुर्चीत घोरायचा, कॉम्प्रेसरच्या वर आवाज जायचा त्याचा.

किशोर : घोरतो. पण गाडीचं सगळं वायरिंग त्यानं केलं. आणि फिरायला गेलेलो नसतो तेव्हा गाडी त्याच्याच दारात उभी असते, शिळफाट्याला. क्वार्टर सोडल्यापासून मला दुसरं घर कुठं आहे? बँकेत पत्तासुद्धा त्याचाच दिलाय.

श्रीपत : पत्ता त्याचा? आन आमची दहिवली काय सातासमुद्रापल्याड हाय?

किशोर : तू बोलावलं असतंस तर आलो असतो.

श्रीपत : बोलवायला पायजे तुला? एकतीस वर्षं एका बाकावर डबा खाल्ला आपण. तुला बोलवायचं?

पारूबाई : आज तुमची बायको विनिता असती तर तिनं दोघांचे कान धरून समोरासमोर बसवलं असतं. ती गेली, आन तुमाला सांगणारं कोण उरलं नाय. चला, मला गाडी दावा. उंबऱ्यातच भांडू नका.

किशोर : या वहिनी. पायरी उंच आहे, ह्या दांड्याला धरा.

(तिघं गाडीत चढतात.)

श्रीपत : शाळेची मिनीबस ना ही? खिडकीच्या कडेला पिवळा रंग अजून दिसतोय. खरवडून घ्यायचा होता.

किशोर : राहिला तेवढा.

श्रीपत : कपाटाला कडी?

किशोर : आतून खटका आहे. पहिल्यांदा नव्हता. बोरघाट चढताना मसाल्याचा डबा उघडला आणि दोघं शिंकत शिंकत लोणावळ्यापर्यंत गेलो.

श्रीपत : दोघं, दोघं, दोघं. एक वाक्य सरळ बोलवत नाय तुला, त्याचं नाव आल्याबिगर.

पारूबाई : भावजी, एक इचारू? संडासाचं काय करता?

किशोर : ह्या पेटीखाली डबा आहे वहिनी, बाहेरून सरकतो. आत औषध टाकायचं, वास येत नाही. दोन दिवसांनी पेट्रोल पंपाच्या नाहीतर ढाब्याच्या संडासात नेऊन ओतायचा. आधी विचारायचं मात्र. डिझेल भरलं की कुणी 'नाही' म्हणत नाही.

पारूबाई : आन नाय म्हणालं तर?

किशोर : तर पुढचा पंप. म्हातारा माणूस डबा धरून उभा राहिला की लोकांना दया येते.

श्रीपत : डबा बाहेरच्या बाजूनं काढायची आयडिया बरी हाय.

किशोर : बरी आहेच. तुझीच आहे.

श्रीपत : फ्रिज असा दारात कुणी घातला? आत येताना पाय ठेचतो.

किशोर : रोज ठेचतो. हे बघ, नख काळं झालंय.

श्रीपत : मग आत सरकव की. जागा नाय कशी? अरे, ह्या खाटेनं खाल्लीय सगळी जागा. तुजी पलीकडची बघ, साडेपाच फुटांची, बरोबर बसलीय. आन ही? केवढी लांब! कुठल्या शाण्यानं माप घेतलं? रमजान तर तुज्यापेक्षा बुटका. फूटभर कापली असती तर फ्रिज इथं आरामात बसला असता.

किशोर : रमजानही तेच म्हणतो. रात्री घसरत घसरत पायथ्याला जातो, सकाळी उशी वर आणि तो खाली. कापू या म्हणतो. फ्रिजही बसेल, त्याच्या कपड्यांना कपाटही होईल.

श्रीपत : बरोबर बोलतोय! एवढ्या जन्मात एकदा तरी बरोबर बोलला. मग कापली का नाय?

किशोर : ड्रॉइंगवर सहा फूट दोन इंच होती.

श्रीपत : कुणाच्या ड्रॉइंगवर?

पारूबाई : आता बोला.

श्रीपत : मी काय बोलू?

किशोर : हा घे. शिफ्ट रजिस्टरचा पाठकोरा कागद. घडीवर फाटलाय, चिकटपट्टी लावलीय. ओटा इथं, पाण्याची टाकी खाली, सांडपाण्याचं पिंप मागं, दोन खाटा. ही खाट कुणाच्या मापाची आहे ते लिहिलेलं नाही. पण आपल्या खात्यात सहा फूट उंच माणूस एकच होता. आणि खाली सही बघ.

श्रीपत : दिसतीय मला सही.

किशोर : म्हणून आलोय. कापायची तर ज्याची सही त्याची परवानगी लागते. वर्कशॉपचा नियम तुझाच. कमळ्यानं न विचारता पाइपाचं भोक अर्धा इंच सरकवलं होतं, तर तू त्याच्याशी महिनाभर बोलला नव्हतास.

श्रीपत : दीड महिना.

किशोर : मग इथं कोपऱ्यात लिही, 'बदल मंजूर', आणि सही कर. मोहोपाड्याचा सुतार तयार आहे. अर्ध्या दिवसाचं काम आहे म्हणाला.

श्रीपत : आन रमजानला कपाट.

किशोर : हो. रमजानला कपाट.

श्रीपत : उशीला त्याच्या तेलाचा वास येतोय.

पारूबाई : तुमाला कुणी सांगितलं हुंगायला?

श्रीपत : मला का इचारतोस पण? तुजी गाडी. कर काय करायचं ते. माजा काय संबंध?

किशोर : हेच. हेच वाक्य, श्रीपत. माईकवर पण हेच बोलला होतास.

श्रीपत : जाऊ दे ना आता ते.

किशोर : नाही जात. वहिनी, तुम्ही होतात त्या दिवशी. आमच्या दोघांचा निरोप समारंभ. मी सांगितलं, आम्ही दोघं गाडी बनवणार, देश फिरणार. तर मागून कुणीतरी ओरडलं, "म्हाताऱ्यांनो, गाडीत राहणार तर परसाकडं कुठं बसणार?" सगळा हॉल हसला.

पारूबाई : मलाबी हसू आलं होतं. खोटं कशाला बोलू?

किशोर : हसण्याचं काही नाही. पण ह्यानं माईक घेतला. म्हणाला, "ते किशोरचं खूळ हाय, माजा काय संबंध नाय." आणि हा कागद तेव्हा माझ्या खिशात होता. सगळ्यांना दाखवायला आणला होता मी.

श्रीपत : साहेब बसले होते रं पुढच्या रांगेत. लाज वाटली मला.

पारूबाई : आन घरी येऊन मला काय सांगितलं? "पारूच्या गुडघ्यामुळं राहिलं." गावभर तेच सांगितलं. माझा गुडघा रोज नदीपतूर जाऊन येतो, भावजी. माझ्या गुडघ्यावर खापर फोडलं ह्यांनी.

श्रीपत : तीनदा बोलावलं असतंस तर आलो असतो मी.

किशोर : चारदा बोलावलं. चौथ्यांदा तू फोन उचलला नाहीस. मग रमजान म्हणाला, एकटा जाऊ नकोस, मी येतो.

श्रीपत : आला! लगेच आला! तीस वर्षं आपण रात्रपाळीला हीच गोष्ट बोलायचो तेव्हा तो खुर्चीत घोरत होता. एक रेघ काढली नाय त्यानं. आन मी काढलेल्या खाटेवर तो झोपतो, मी ठरवलेल्या खिडकीतून समुद्र बघतो आन फोटोत दात काढतो.

पारूबाई : जळताय तुमी.

श्रीपत : हां, जळतोय! जळतोय म्हंजे जळतोय! त्या कन्याकुमारीच्या फोटोत तो माज्या जागेवर बसलाय, डाव्या सीटवर, हातात माज्यासारखाच नकाशा. त्याला नकाशा वाचता तरी येतो का? मी तीन दिवस जेवलो नाय धड.

पारूबाई : जेवले होते. पण तोंड वाकडं करून.

किशोर : नकाशा उलटा धरला होता त्यानं. नीट बघ फोटो.

श्रीपत : बघितलाय. उलटाच होता.

किशोर : मग? सही करतोस?

श्रीपत : कुठं चाललाय आता?

किशोर : उद्या सकाळी निघतो. वेरूळ, अजिंठा, मग नागपूर, सांची, तिथून बोधगया.

श्रीपत : ते मी ठरवलं होतं. पहिला रस्ता तोच ठरला होता आपला.

किशोर : म्हणून दोन वर्षं तिकडं गाडी वळवली नाही.

श्रीपत : आन आता नेतोय रमजानला. बरं हाय. त्याला कुठं न्यायचं तिथं ने. सांचीच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढा दोघं. दे कागद.

किशोर : रमजान नाही येत. त्याची लेक फराह बाळंतपणाला माहेरी आलीय. तीन महिने तरी तो उंबरा ओलांडत नाही म्हणाला.

पारूबाई : मग भावजी, खाट आजच कापायची घाई कुणाला?

किशोर : नळी कुठं ठेवलीय तुझी, श्रीपत?

श्रीपत : बोल ना रं. ती काय इचारतीय?

किशोर : घाई कुणालाच नाही, वहिनी. पण 'ये' म्हणून पाचव्यांदा सांगायला माझीही जीभ रेटेना. मग दुसरं काय निमित्त काढून आलो असतो?

पारूबाई : अहो, उभे काय राहिलात डोकं छताला लावून? झोपून बघा एकदा. चपला काढा आधी.

श्रीपत : झोपायचं काय त्यात?

पारूबाई : झोपा म्हणते ना.

श्रीपत : हां… पाय सरळ होतात.

किशोर : टाचेच्या पुढं दोन इंच ठेवलेत. तुझ्याच ड्रॉइंगप्रमाणं.

श्रीपत : ही खिडकी जरा खाली घेतलीस. पडल्या पडल्या बाहेरचं दिसतंय.

किशोर : तेवढा एक बदल मी न विचारता केला.

श्रीपत : दीड महिना बोलणार नाय मी तुज्याशी. पेन दे.

किशोर : घे. कापू म्हणतोस?

श्रीपत : पेन दे म्हटलं. चष्मा कुठाय माजा?

पारूबाई : डोक्यावर हाय.

श्रीपत : हं. घे आता. मोठ्यानं वाच, हिला पण ऐकू दे.

किशोर : 'बदल नामंजूर. खाट सहा फूट दोन इंचच राहील. ड्रॉइंग माझे आहे.' खाली सही. आजची तारीख.

श्रीपत : ह्याचा फोटो काढ आन रमजानला पाठव. आत्ता पाठव, माज्यासमोर.

किशोर : पाठवतो. त्याला काय वाटेल पण?

श्रीपत : वाटू दे. बाळंतपणाच्या धावपळीत इसरंल. आन त्याला सांग, वायरिंग बरं केलंय.

पारूबाई : पाठवा फोटो मागनं. आधी नळी लावा भावजी, आन टाकी काठोकाठ भरून घ्या. ह्यांना आंघोळीला दोन बादल्या लागत्यात.