परग्रहावरच्याला मारलं कुणी?

...तुम्हीच सांगा बायांनो, नाटकभर मी पळायचं, धापा मी टाकायच्या, त्या परग्रहावरच्या पाणीचोराला कोपऱ्यात मी गाठायचं, आन् शेवटाला मारायचा कुणी? तर वरनं येणाऱ्यानं! मग मी काय नुसती कळशी धरून उभी राहायला हुते?

कारेगावच्या महिला मंडळाचं नाटक, त्यातलं साल म्हणं तीन हजार, लिहिणारा माझा पुतण्या सतीश, कंपनीत मशीनवर असतो, आन् बसवायला केडगावच्या मिशनच्या शाळेतले एबनेझर मास्तर. मास्तर म्हणाले, "शेवटी आकाशवाणी होईल, देवाचा प्रकाश उतरेल, चोर भस्म." मी म्हटलं, मास्तर, पाणी चोरीला जाताना पहिल्या अंकात ह्यो देव कुठं हुता? तर गोड हसून, "अनसाबाई, त्याची करणी तुम्हाला नाही कळायची."

सतीश उसळला. "मास्तर, आम्ही बुद्धाची माणसं, आमच्यात देव चालत न्हाई. यंत्र उतरवू." मला वाटलं, पोरगं माझ्या बाजूनं बोलतंय. कसलं काय... थर्माकोलचं डबडं, वर लाल बल्ब, आन् उतरणार त्याच दोरीनं, जिनं मास्तरांचा प्रकाश उतरणार हुता. आरं, पर ते मारतं कसं? "काकू, प्रगत तंत्रज्ञान हाय. तुला न्हाई कळायचं." म्हंजी देव आला तरी मला कळत न्हाई, मशीन आलं तरी मला कळत न्हाई, आन् चोर धरलाय मी! जल्मभर पाण्यामागं पळतीया, एकदा तरी गावादेखत, आमच्या मालकांदेखत, मला जिंकू द्या की. पर ऐकतंय कोण...

नाटकाच्या दिवशी चोर गाठला. चोर म्हंजी आमचा हौसराव, अंगाला चंदेरी कागद गुंडाळलेला. डबडं निघालं, आन् अर्ध्यातच दोरीला पीळ बसला. लोंबकळतंय. हौसराव वर बघतोय, गाव वर बघतंय, सतीश दोरीला हिसके देतोय, आन् हौसराव हळूच मला म्हणतो, "वहिनी, आता मी मरू कसा?" म्हटलं, थांबा भावजी, आन् घातली कळशी टाळक्यात. आडवा. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू, बाया उठून उभ्या. म्हटलं, जिंकले बाई एकदाची...

तवर सतीशनं माईक धरला. "यंत्रानं न दिसणारे किरण सोडले हायेत!" मास्तरांनी तो हिसकून घेतला, "अबलेच्या हाताला देवानं बळ दिलं." आमचे मालक पहिल्या रांगेत, शेजारच्याला सांगतायत, किरणं लई भारी हुती.

हौसरावाला टाके पडले. डॉक्टरनं विचारलं, मारलं कुणी? तवा देव न्हाई आन् किरण न्हाई... सतीश आन् मास्तर, दोघांनी एका सुरात माझं नाव सांगितलं, आडनावासकट.