वितळलेली तलवार

पनवेलमधल्या त्या दंतवैद्याकडे सासू-सुनेतली शांतता इतकी ताणली होती, की शेजारी बसलेल्या प्रदीप या दुसऱ्या पेशंटला स्वतःच्या दाढेचा ठणका क्षणभर विसरायला झालं.

“आई, गेममधली माझी तलवार वितळवलीत तुम्ही?”

“लोहारकाम शिकायचं तर लोखंड नको?”

“ते खाणीतून खणून आणायचं असतं!”

“खाण काही सापडेना. तलवार पेटीत आयती पडली होती.”

“किती लढून मिळवली होती मी! उद्या ड्रॅगनशी गाठ आहे.”

“म्हणून तर तुला चिलखत घडवलं. सगळ्यांच्या पुढे घुसतेस आणि दरवेळी मरतेस. मला नाही बघवत. पहिलंच आहे, खांद्यात जरा सैल झालंय.”

“अहो, पण ड्रॅगनला मारू कशानं? लाटण्यानं?”

“कुमुदताई, आत या,” नर्सनं हाक मारली.

कुमुदताईंनी पर्स सुनेच्या मांडीवर ठेवली आणि त्या आत गेल्या.