पहिल्या फेरीचे पेढे

…नाही, पण मला सांगा, दोन फेऱ्या असतात हे मला कुणी सांगायला नको होतं? बाकी सगळं सांगितलं हो या लोकांनी! बूट कुठले घाल, टोपी कानाखाली ओढ, बोटं बधिर झाली की आत ये… सासूबाईंनी तर माझ्या जॅकेटची बाही स्वतःच्या हातानं हातमोज्यात खोचली, मला बालवाडीत सोडायला निघाल्यासारखं. पण जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे या बर्फावरच्या स्कीच्या शर्यतीत, प्रत्येक पोरीला डोंगरावरून दोनदा खाली यायचं असतं, दोन्ही वेळांची बेरीज करून निकाल लागतो, हे एक वाक्य? कुणीच नाही! मला काय माहीत, दोन फेऱ्या असतात!

मी साताऱ्याची. लग्न होऊन साता समुद्रापार बर्नाबीत आले त्याला तेव्हा जेमतेम महिना झालेला. आमच्याकडे घसरून पडलं की लोक हसतात, इथं घसरायची बक्षिसं देतात. माझी नणंद ऊर्मी, अजून शाळेत आहे, पण लाल-निळ्या झेंड्यांमधून स्कीवर अशी वळणं घेत येते की बघणाऱ्यानंच कठडा धरावा. सीझन संपल्यावर तिला प्रांताच्या टीममध्ये घेणार की नाही, यावर आमच्या घरातली झोप, जेवण आणि सासऱ्यांचं ब्लडप्रेशर टांगलेलं. आणि मी तशी अबोल. म्हटलं, नव्या सुनेला बोलता येत नाही तर निदान तोंड गोड तरी करता यावं. केले मिल्क पावडरचे पेढे!

पहिली शर्यत. ऊर्मी खाली आली, बोर्डावर नावापुढं एक नंबर! आता तुम्हीच सांगा, साताऱ्याची मुलगी काय करणार? उघडला डबा. कोचला दिला, घड्याळवाल्यांना दिला, दुसऱ्या पोरींना, त्यांच्या आयांना, कुणाच्या तरी कुत्र्यालासुद्धा… कोच म्हणाला, “सो नाइस! व्हॉट्स द ऑकेजन?” लग्न झाल्यापासून एवढ्या मोठ्यानं मी पहिल्यांदाच बोलले असेन, “शी वन!” त्याचा जबडा जागीच थांबला. तेवढ्यात निहार, म्हणजे माझा नवरा, बर्फातून धडपडत आला, “अगं, काय करतेयस? सेकंड रन बाकी आहे!”

आणि यांचा नियम बघा, पहिल्या फेरीत जी पहिली, ती दुसऱ्या फेरीत शेवटी येणार. म्हणजे मी लपायचं म्हटलं तरी तोवर सगळा जथा माझेच पेढे चघळत उभा! ऊर्मी आली… आणि शेवटचे थोडे झेंडे राहिले असताना आडवी. फक्त चघळण्याचा आवाज.

ती चालत खाली आली, केसांत बर्फ. एरवी माझ्याशी इंग्रजीतच बोलते. डब्यात डोकावली, आत नुसते कागद. म्हणाली, “वहिनी, मला नाही ठेवला?”

रागावली असती तर बरं झालं असतं हो! इकडे साताऱ्याच्या ग्रुपवर मी ‘ऊर्मी पहिली’ टाकून बसलेली, तिकडे माझ्या बाबांनी सकाळी उठून आळीभर पेढे वाटलेले. साताऱ्यात ती आजही पहिलीच आहे. मला काय माहीत, दोन फेऱ्या असतात!

तिथून पुढं सीझनभर मी म्हणजे पेढेवाली. सासरे म्हणतात, “आपण शकुन-अपशकुन असलं काही मानत नाही हं,” आणि डोंगराखाली गाडी लावली की, “सूनबाई, डबा मात्र गाडीतच राहू दे.” कोच मला बघून आधी माझे हात बघायचा. आणि शेजारच्या सरे गावच्या बलजीत आंटी, त्यांची मुलगी हरलीन ऊर्मीच्याच मागेपुढे असते, त्या लांबूनच ओरडायच्या, “भाभीजी, आज मिठाई नहीं लाई? बाँटो ना, पहले ही बाँट दो!” सगळे खो खो हसायचे. मी टोपी कानाखाली ओढायची. तेवढं शिकवलेलं होतं ना!

मग शेवटची शर्यत, घरापासून चार तासांवरच्या डोंगरावर. टीममध्ये जायला ऊर्मीला पहिल्या तिघींत यायलाच हवं होतं. यावेळी मी डबा गाडीतसुद्धा ठेवला नाही. भरला होता हो… पण घरी, फ्रिजमध्ये. पहिली फेरी, ऊर्मी पहिली. मी मुठी खिशात घालून उभी. दुसरी फेरी… सगळ्यात शेवटी ती आली, तोल गेला, मी डोळे मिटले, आणि सासूबाईंनी माझा दंड इतक्या जोरात दाबला की मला वाटलं, पुन्हा पडली.

पहिली! टीम पक्की! आणि ती पोरगी स्की काढून आईकडे नाही, बाबांकडे नाही, सरळ माझ्यापुढं हात पसरून उभी, “वहिनी, आता तरी माझा पेढा?”

काय सांगू? फ्रिजमध्ये आहे म्हणून सांगू? चार तासांवर? निहार कपाळावर हात मारून म्हणाला, “अगं, आज आणायचास ना!” थंडीत माझे कान पेटले.

तेवढ्यात बलजीत आंटी आल्या. हरलीन दुसरी आली होती. हातात हा एवढा मोठा लाडवांचा डबा! पहिला लाडू त्यांनी ऊर्मीच्या तोंडात घातला, दुसरा माझ्यापुढं धरला, म्हणाल्या, “आपसे ही सीखा, भाभीजी. बस… दूसरे रन के बाद!”

घेतला. मान खाली घातली आणि हात पुढं केला, दुसरं काय करणार? पण तोंडात टाकण्याआधी निहारला हळूच विचारून घेतलं, “तिसरी नसते ना?”