दोनशे स्पीकर आणि एक फळी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या कारखान्याचे मालक, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती मास्तर, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती, आमच्या वहिनी, आणि भाषणं लवकर आटपतील या भाबड्या आशेवर जमलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. अध्यक्षांनी स्वतः पंचवीस घेतली. असो. कारखाना त्यांचा, माईक त्यांचा, आपण कोण बोलणारे?

मास्तरांनी तेहतीस वर्षं चाचणीच्या खोलीत स्पीकर ऐकले. त्यांचा नियम एकच: स्पीकर उघडा वाजवायचा नाही. मधे भोक पाडलेल्या त्या मोठ्या सपाट फळीत बसवायचा, मगच वाजवायचा. मी नवा असताना विचारलं, का? म्हणाले, "अरे, स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, त्याच वेळी मागची सैल पडते. आड फळी नसेल तर पुढची हवा कडेवरून मागे पळते. फिटंफाट! जाड आवाज तर पार गायब." मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

घरीसुद्धा हेच. वहिनींना सांगायचे, "भिंतीला पाठ लावून बोल, आवाज मागे वाया जात नाही." वहिनींचं म्हणणं, "कशीही बोलले तरी हे ऐकतात कुठे?" हसू नका, तुमच्या घरी काय वेगळं आहे?

आता या सभागृहातले स्पीकर बघा. व्यासपीठामागच्या भिंतीत बसवलेत, तोंड तुमच्याकडे. भिंत म्हणजे मोठी फळीच. जाड आवाज सगळीकडे पसरतो, बारीक आवाज मात्र नाकासमोर सरळ जातो. आणि शब्द नीट कळतात ते त्या बारीक आवाजामुळे. मग भिंतीला चिकटून बसलेल्या सत्कारमूर्तीला काय ऐकू येणार? नुसतं घुं घुं. प्रत्येक निरोप समारंभाला मास्तर कुरकुरायचे, "ज्याचं कौतुक, त्यालाच कळत नाही." स्पीकर हलवा म्हणून त्यांनी तीनदा अर्ज दिला. मालकांनी त्यावर चहाचा कप ठेवला. हे मी बिनधास्त बोलतोय, कारण मालकही तिथेच बसलेत.

मास्तर! अहो मास्तर, खाली या. कुणीतरी हात द्या त्यांना. वहिनींशेजारी बसा. हां, अगदी स्पीकरसमोर. येतंय ऐकू? मग ऐका.

बावीस वर्षांपूर्वी तुम्ही दोन दिवस रजेवर होता. दोनशे स्पीकर तपासायचे होते. फळीत बसवायचे म्हणजे प्रत्येकी चार स्क्रू लावा, चार काढा. मला आला कंटाळा. सगळे टेबलावर उघडेच वाजवले. एकातही जाड आवाज नाही! मी शहाण्यासारखा दोनशेच्या दोनशेंवर 'नापास' लिहिलं आणि ते मोडीत गेले. खरं तर एकही खराब नव्हता.

चौकशीत मी म्हणालो, "मास्तरच सांगून गेले होते, उघडे वाजव." मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सांगितलं असेन." बाहेर आल्यावर मला फक्त एवढंच बोलले, "तुझं लग्न तोंडावर आलंय. जा, फळी पुसून ठेव." त्यांची बढती गेली ती गेलीच. पुढे विभागप्रमुखाच्या त्या खुर्चीवर मी बसलो. मला लाज वाटत होती, पण खुर्ची मऊ होती.

वहिनी, तुम्ही इतकी वर्षं त्यांना हलगर्जी म्हणत आलात. ते घरीही बोलले नाहीत, हे मला परवा कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

असो. आयोजकांचे आभार, माईकवाल्याचे आभार, अध्यक्षांना काही ऐकू गेलं नसेल तर त्याबद्दलही आभार. बोलण्याच्या ओघात काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या, असं शेवटी म्हणायची रीत आहे. मी चुकलोच होतो, आणि ते बोलण्याच्या ओघात नव्हे. मास्तर, मला माफ करा.

काय म्हणता वहिनी? परत सांगू? सांगतो. माईक जरा मोठा करा हो.

ते दोनशे स्पीकर मी मोडीत घातले. यांनी नाही.