घाटाखालचा मुक्काम

ऑस्ट्रियातल्या टायरॉलमध्ये घाटाच्या पायथ्याशी पेट्रोलसाठी रांग होती. माझ्यापुढे एकाच मोटरसायकलवर साठीतलं एक जोडपं. हेल्मेटं काढून, आज कुठं उतरायचं यावर त्यांचं चाललं होतं.

"अल्फोन्स, दरवर्षी आपण घाटमाथ्यावरच उतरतो."

"यंदा खाली गावात उतरू, रोस्विटा. तिथं ओले कपडे वाळवायला खोली आहे."

"वरही आहे."

"जेवण बरं असतं खाली."

"गेल्या वर्षी दुपारी तिथं जेवलो, तर घरी पोचेपर्यंत त्या जेवणाला नावं ठेवत होतास."

"आता स्वयंपाकी बदलला असेल."

"एक विचारू? सकाळपासून समोरून येणारा प्रत्येक मोटरसायकलवाला आपल्याला हात करून गेला. तू एकालाही केला नाहीस. मला वाटलं, माझ्यावर रुसलायस."

"तुझ्यावर कशाला रुसू?"

"मग?"

"हँडल सोडवत नाही गं. डाव्या हाताची बोटं बधिर होतात. क्लच दाबलाय की नाही, तेही कधीकधी कळत नाही."

"कधीपासून?"

"बर्फ वितळलं तेव्हापासून."

"आणि तसाच मला मागं बसवून इथवर आलास?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"तुलाही येऊ दिलं नसतं."

"म्हणूनच."

रांग सरकली. त्यांनी टाकी भरून घेतली.

"खालीच उतरू. आणि गावापर्यंत हळू चल."

"हळू जाईन. पण हात न करता गेलं की माणूस माजोरडा वाटतो."

"तू हँडल धर."

ते रस्त्याला लागले तेव्हा समोरून तीन मोटरसायकली येत होत्या. मागच्या सीटवरून एक हात बाहेर आला आणि तिन्ही जाईपर्यंत तसाच राहिला.