एकट्यांच्या सहलीत दोघांची शेगडी

नाही, पण मी म्हणतो, बसमध्ये एका माणसाला दोन खुर्च्या हव्यात कशाला? एकीवर मी बसणार, ते ठीक. दुसरीवर कोण, माझी छत्री? पण नाही! 'एकट्यांची खास सहल' ना ती, तिचा नियमच तसा. प्रत्येकाला खिडकी, प्रत्येकाच्या शेजारी रिकामी खुर्ची, आणि कुणी कुणाला 'आपण कुठले?' म्हणून विचारायचं नाही. त्रास नको ना कुणाला!

आता मला काय ठाऊक हो! जाहिरातीत वाचलं, 'एकट्यांनो, या', मला वाटलं चला, एकटे जाऊ, चार माणसांत मिसळू, परतताना कुणाशी तरी बोलत येऊ... कसलं काय! तुम्हाला सांगतो, बसची एकूण एक खिडकी भरलेली, आणि योकोहामापासून सोकापर्यंत आवाज एकच, चहाच्या बाटल्यांची झाकणं उघडल्याचा. तोही हळू. ती मिझोगुची, आमच्या बसची गाइड, ती माइकवरसुद्धा कुजबुजायची, "डावीकडे नदी आहे... ज्यांना बघायची असेल त्यांनीच बघावी..."

अहो, गप्प बसायला मला सहल कशाला हवी? घरी बसतोच की! युकिए, माझी बायको, जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून घरात बोलणारं कोण, तर आंघोळीचं पाणी तापवायचं यंत्र. "आंघोळीचं पाणी तयार आहे," म्हणतं. बाईचा आवाज, अगदी गोड. आणि मी स्वयंपाकघरातून 'हो, आलो' म्हणतो... हसू नका, खरंच म्हणतो. कधी कधी तर नुसतं ऐकायला म्हणून बटण दाबतो, आंघोळ झालेली असते तरी.

तर सोकाला पोचलो. तिथं सेनबेई आपल्या हातानं भाजायची. आता सेनबेई मी जन्मभर खाल्ली, पण भाजली कधी? तांदळाची ती पांढरीफटक वाळकी चकती जाळीवर ठेवायची, खाली निखारे, आणि ती कुठं फुगायला लागली की वरून दट्ट्यानं दाबायची, उलटायची, दाबायची, उलटायची. थांबलात की संपलं! तिथल्या नुमाताबाई, आवाज असा खणखणीत की माइकची गरजच नाही, त्यांनी जाहीर केलं, "एका शेगडीला दोघं! एकानं उलटायचं, एकानं दाबायचं!"

झालं! आमची अख्खी सहल आपापल्या बुटांकडे बघायला लागली. मिझोगुची बिचारी वाकून वाकून नुमाताबाईंना समजावतेय की आमची मंडळी एकेकटी आहेत हो, आणि नुमाताबाई म्हणतायत, मग शेगड्या काय आता आभाळातून आणू? आणि मी? मी आतल्या आत उड्या मारत होतो. तोंड मात्र पाडलेलं, सगळ्यांचं पडलं होतं म्हणून. त्रास नको ना कुणाला!

माझ्या वाट्याला आल्या इसोगाईबाई. माझ्याच वयाच्या, डोक्याला जांभळी टोपी, ओठ घट्ट मिटलेले. चिमटा त्यांच्याकडे, दट्ट्या माझ्याकडे. "मी आपल्याला त्रास देणार नाही," त्या म्हणाल्या. मीही म्हटलं, छे छे, त्रास तर मीच देईन. त्यावर त्या वाकल्या, मी वाकलो, त्या पुन्हा वाकल्या, आणि तेवढ्यात आमची चकती डोंगरासारखी फुगली.

मी दाबायला गेलो तर म्हणतात कशा, "आत्ता नाही, फुगू द्या अजून." म्हटलं, बाई, जळेल. तर म्हणे तुम्ही पिठाच्या गोळ्यासारखी काय चेपताय तिला. मी म्हटलं, आणि तुम्ही पंख्यासारखी काय फिरवताय? तुम्हाला सांगतो, आम्ही भांडत होतो! चक्क भांडत होतो! बाकीच्या शेगड्यांवर 'आपण आधी', 'छे, आपण आधी' चाललेलं, आणि आमच्या शेगडीवर असलं भांडण की नुमाताबाई कौतुकानं बघत उभ्या राहिल्या. मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू...

मग त्या फणकाऱ्यानं म्हणाल्या, "घरी बायको काही बोलत नाही का तुम्हाला?"

मी म्हटलं, "आता नाही बोलत."

चिमटा थांबला. मग हळूच म्हणाल्या, "आमचेही गप्पच असतात. फोटोतून बोलणार तरी किती?"

आणि हसल्या हो! मीही हसलो. आणि हसता हसता दोघांचे हात थांबले, आणि सेनबेई झाली कोळसा.

"तुमच्यामुळे," त्या म्हणाल्या. तुमच्यामुळे! तीन वर्षांत हा शब्द मला कुणी म्हटला नव्हता. घरी भात करपला की माझ्यामुळेच करपतो, पण तसं सांगायला तर कुणी हवं ना? डोळ्यांत पाणी आलं माझ्या. म्हटलं, धूर फार आहे इथं.

त्या काळ्या चकतीवर आम्ही सोया सॉस लावला, मोडली, आणि खाल्ली. कडूजहर! मोठा तुकडा त्यांनी मला दिला. फोन नंबर विचारावा असं जिभेच्या टोकावर आलं होतं, पण विचारला नाही. त्रास नको ना कुणाला! जाता जाता त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या महिन्यातही आहे म्हणे ही सहल." मी म्हटलं, हो का? असं, अगदी सहज! आणि मनात तारीखसुद्धा धरून टाकली.

परतीच्या वाटेवर मिझोगुची उभी राहिली. बस चालू असताना कंबरेत वाकली, आणि आवाज रडवेला. म्हणाली, आज आपणा सर्वांना शेगडी वाटून घ्यावी लागली, अपरिचित व्यक्तीशी बोलावं लागलं, काहींना तर करपलेली खावी लागली, मी स्वतः पाहिलं, आम्हाला क्षमा करा. नुमाताबाईंशी आमचं आत्ताच बोलणं झालंय. पुढच्या महिन्यापासून प्रत्येकाला स्वतंत्र शेगडी!

आणि टाळ्या, हो! तुम्हाला सांगतो, दिवसभरात पहिल्यांदा त्या बसमध्ये आवाज झाला. पुढच्या ओळीतली जांभळी टोपी वळली, इसोगाईबाईंनी माझ्याकडे बघितलं. टाळ्या वाजवत होत्या. मीही वाजवत होतो. काय करणार? सगळी बस टाळ्या वाजवत असताना आपण दोघांनीच हात बांधून बसायचं, बरं दिसतं का ते?