अंगठा माहा, मजकूर सायबाचा

ऊन असं होतं का लिंबाखालचं कुत्रं बी सावली सरकली का तिच्यासंगं सरकून राह्यलं होतं, अन् अशा उन्हात मी म्हने चालत चालत शेखरच्या घरी गेलो! तुमीच सांगा, गेलो असन का? पन पंचनाम्यात तसं लिवलं आहे, अन् खाली अंगठा माहा... आता काय करता! अंगठा माहा, मजकूर सायबाचा.

तुमाले सांगतो, झालं असं. आमच्या गावचा शेखर, झेरॉक्सवाला, घरीच पाचशेच्या नोटा छापते म्हनून पोलीस आले. नोटा सापडल्या म्हने, पन पंच कुठी होते? जीप सरळ माह्या लिंबाखाली. जमादार म्हने, "बाबा, रस पेता का?" बर्फ टाकलेला उसाचा रस... नाही कोन म्हनन? अर्धा गिलास झाला अन् म्हने, "अंगठा द्या." म्या म्हनलं, "कायले?" "सरकारले मदत आहे." दिला बाप्पा! उरलेला अर्धा गिलास त्याच्याच हातात होता न!

मंग दोन सालानं कोर्टाचा कागद आला. जमादार धावत आला, "बाबा, इतलंच म्हना का नोटा माह्यासमोर धरल्या. नाही त पोट्टा सुटते, अन् माही बदली होते." अन् कोर्टात पाय ठेवला त शेखरचा वकील म्हने, "भगवंतराव, शपथ घेतली आहे. खोटं बोलाल तर आत जाल!" आता खरं बोललो त शेखर सुटते, खोटं बोललो त मी अडकतो... रस पेला एक गिलास, अन् घसा कोरडा पडला दोन सालानं!

वकील म्हने, "पंचनामा वाचून दाखवा." म्या म्हनलं, "मले वाचता येत नाही."

"मग अंगठा काय पाहून दिला?"

"रस पाहून."

सारं कोर्ट हासलं! मी काऊन हासू? मी त खरंच सांगून राह्यलो होतो. म्या म्हनलं, मी त्या घरी गेलोच नाही, ऊन लई होतं. अंगठा माहा, मजकूर सायबाचा. सरकारी वकील ओरडला, "पंच फुटला!" फुटाले मी काय मडकं आहो का हो? जजबाई होत्या, त्यायनं चष्मा काढला, कागद उलटासुलटा पाह्यला, अन् लई हळू आवाजात इचारलं, "जमादार, हा पंचनामा कोणत्या झेरॉक्समधून काढला?"



सुटला शेखर! सुटल्या सुटल्या माह्या घरी आला, पायावर डोकं ठेवलं, "आबा, तुमी खरं बोलले म्हनून वाचलो," अन् खिशात पाचशेची नोट कोंबून गेला बी. नोट कशी? करकरीत! अन् वास नवा. मी इकून पाह्यली, तिकून पाह्यली... मले काय कळते? देवापुढं ठेवाले गेलो त माही बायको सत्यभामा ओरडली, "तिथं नका ठेवू, देवाले बी तारखा कराव्या लागतीन!"

मंग शेजारी गेलो, अन्वर टेलरकडे. शिकलेला मानूस आहे. म्हनलं, "अन्वर, पाह्य बरं जरा, खरी का खोटी?" त्यानं हात पुढं केला, मंग एकदम मागं घेतला, दोन्ही हात पाठीमागं बांधले, अन् म्हने, "काका, नोट तुमच्या खिशात ठेवा... अन् रस पाजला तरी म्या काही पाह्यलं नाही!"